पडद्यावरची पाटी

फराळाचे डबे भरून झाले, की घरातली जाणती बाई झाकणावर चिठी चिकटवते : ‘चिवडा’, ‘शंकरपाळे’. चिठी स्वतः काही करीत नाही. आत काय आहे एवढेच सांगते. संगणकाच्या पडद्यावरही अशा चिठ्या असतात. प्रोग्राम लिहिणारे त्यांना ‘लेबल’ म्हणतात; मी आपला पाटी म्हणतो. पाटी अक्षरांची असेल, नाहीतर चित्राची. शेजारच्या रिकाम्या चौकटीत आपण लिहायचे, आणि तिथे काय लिहायचे ते पाटीने सांगायचे. पाटीवर मात्र आपल्याला एक अक्षरही उमटवता येत नाही. विंडोजमध्ये तर या प्रकाराचे नावच ‘स्टॅटिक’, म्हणजे स्थिर. वाचणाऱ्याला ती बदलता येत नाही, म्हणूनच ती कोणी लिहिली आणि कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली, हा प्रश्न लहान नाही.

आमच्या खानदेशाला अशा पाट्यांची ओळख संगणकाच्या पुष्कळ आधीची. सातबाराच घ्या ना! गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, हे कोरडे आकडे. शेतकऱ्याने त्यांचेच नाव करून टाकले. त्यावरचे ‘भूधारणा पद्धती’, ‘पोटखराब’, ‘जलसिंचनाचे साधन’ हे मथळे सरकारने ठरवलेले. रकान्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बदलतात, मथळा तसाच राहतो. ‘वावर’ हा आमच्या तोंडचा शब्द त्या मथळ्यांत शोधून सापडायचा नाही.

चित्राच्या पाटीची खरी परीक्षा झाली ती १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. जळगाव आणि धुळे हे तेव्हा पूर्व आणि पश्चिम खानदेश जिल्हे. १९५१च्या जनगणनेत देशातले शेकडा सुमारे १८ लोकच साक्षर निघाले होते. नावे छापून काय उपयोग? म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवली आणि पेटीवर चिन्ह लावले : बैलजोडी, वडाचे झाड, झोपडी. चित्र पाहायचे आणि मतपत्रिका आत टाकायची. निरक्षर म्हणजे अजाण नव्हे, हे खानदेशात निराळे सांगायला नको. असोद्याच्या माहेरवाशीण बहिणाबाई चौधरी, ज्या त्याच वर्षी ३ डिसेंबरला निवर्तल्या, त्यांना लिहितावाचता येत नव्हते. चिन्हे निवडणाऱ्यांनी पाहणाऱ्याचे अंगण ध्यानात घेतले, म्हणून ती कळली.

पुढे तीस वर्षांनी हाच विचार अमेरिकेत पडद्यावर आला. १९८१मध्ये झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ संगणकावर कागद, फोल्डर, टपालाची टोपली यांची चित्रे मांडली गेली. १९८४च्या मॅकिन्टॉशसाठी सुझन केअर या चित्रकर्तीने चिमुकली, नेटकी चित्रे काढली. चित्रे सुंदरच होती. पण टेबल होते तिकडच्या कचेरीतले. कान असलेले पुठ्ठ्याचे फोल्डर आमच्या दप्तरखान्यात कुठले? आमचे कागद रुमालात बांधलेले! तरी आम्ही ती चित्रे पाठ केली. समजणे आणि पाठ करणे यांत फरक आहे.

शब्दांच्या पाट्यांना आणखी एक अडचण होती. ते शब्द प्रोग्रामच्या पोटातच कोरलेले असत. भाषा बदलायची तर पोट फाडावे लागे. मॅकिन्टॉशने शब्द प्रोग्रामपासून वेगळे ठेवण्याची सोय केली, आणि भाषांतरकाराला यंत्राची कळ न फिरवता पाट्या बदलता येऊ लागल्या. इकडे कानपूरच्या आयआयटीत देवनागरीवर काम चालले होते. १९८८मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेले. १९९१मध्ये भारतीय लिप्यांचे ‘इस्की’ हे प्रमाण ठरले, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली.

एवढ्याने मराठी पाटी सजली असे मात्र नाही. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या चौकटीत वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जाई. शिवाय इंग्रजीतला ‘न्यू’ कुठेही चालतो. मराठीत नवा खातेदार, नवी नोंद आणि नवे पीक! एकच पाटी तीन ठिकाणी ठोकली, तर दोन ठिकाणी व्याकरण रडणारच.

हे सारे शब्दांचे चोचले वाटतील, पण तसे नाही. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. रावेरचा केळीवाला आणि शिरपूरचा कपाशीवाला आपापल्या बांधावर उभा राहून, पिकाचे छायाचित्र काढून, स्वतः मोबाइलवर नोंद करू लागला. पाटीचा अर्थ सांगायला शेजारी तलाठी नाही. पाटी कळली नाही, तर चौकटीत चुकीचे पडते. आणि पिकाची नोंद चुकली, की विमा आणि नुकसानभरपाई मागताना पंचाईत होते.

यंत्र जुळत नाही, ही सबब आता उरली नाही. शब्द वेगळ्या फायलीत असतात. ते बदलायला प्रोग्राम नव्याने रचावा लागत नाही. मराठी पाटी आली, तशी उद्या अहिराणीतही येऊ शकेल. कष्ट पडतील ते एवढेच, की पाटी लिहिणाऱ्याने आधी एखाद्या बाजाराच्या दिवशी चार माणसांना ती वाचून दाखवावी आणि त्यांना काय कळले ते विचारावे.