पालकांचा सोबती : संयोजक



यंदाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. सारी हयात शाळेत गेल्यामुळे मुलांविषयी बोलण्याची खोड आम्हांस आहेच. परंतु या खेपेस मुलांच्या आईबापांविषयी, आणि त्या आईबापांच्या मदतीस जाणाऱ्या स्वयंसेवकांची मोट बांधणाऱ्या माणसाविषयी थोडा इतिहास सांगावा, असे मनात आहे.

या इतिहासासाठी दूर जावयास नको. बोर्डी हे गाव आज पालघर जिल्ह्यात मोडते. परंतु २०१४ पर्यंत ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. तेथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली. पण गरिबांची मुले आपण होऊन येईनात. तेव्हा या बायांनी आईबापांना दोष दिला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरविले. वस्तीच्या अंगणात वर्ग भरू लागला. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज घरोघरी माहीत आहे. त्याचे मूळ या कामात आहे.

पुढे १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुलींना धाकटी भावंडे सांभाळावी लागत, मुलांना गुरे राखावी लागत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडून ‘विकासवाडी’ उभारली. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरविली. पालकांस उपदेश करण्यापूर्वी त्यांची अडचण विचारावी आणि तिची सोय लावावी, हा धडा या दोघींनी घालून दिला. संयोजकाचे काम याहून निराळे नाही.

हेच तत्त्व परदेशातही निराळ्या वाटेने पुढे आले. इंग्लंडातील लेस्टर शहरी १९७३ साली मार्गारेट हॅरिसन या बाईंनी ‘होम-स्टार्ट’ नावाचे कार्य आरंभिले. लहान मुले असलेल्या, थकल्याभागल्या कुटुंबाच्या घरी एक अनुभवी पालक स्वयंसेवक म्हणून आठवड्यातून काही तास जातो, बसतो, हातभार लावतो. परंतु कोणता स्वयंसेवक कोणत्या घरी पाठवावा, त्याला आधी काय शिकवावे, आणि परत आल्यावर त्याच्या मनावरील ओझे कोणी ऐकून घ्यावे, हे सारे संयोजकाकडे असते. स्वयंसेवकाचा उत्साह हे पाणी होय. संयोजक हा त्याचा पाट होय.

आपल्या महाराष्ट्रात २०२२ साली ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचे अभियान झाले. पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या मातांचे लहान लहान गट वस्तीवस्तीतून बांधले गेले आणि प्रत्येक गटात एकीस ‘लीडर माता’ नेमले. ती काही पदवीधर असावी लागत नव्हती. शेजारणींना बोलावणे, मुलांकडून करून घ्यावयाच्या कृती त्यांना समजावून देणे, न आलेलीची चौकशी करणे, एवढेच तिचे काम. पण ते काम कोणी तरी एकीने आपले मानावे लागते.

हे आम्ही का सांगतो? कारण आमच्या हातून एक चूक घडली आहे. निवृत्तीनंतर कोपरीत आपल्या ज्ञातीच्या तरुण पालकांसाठी आम्ही काही मंडळींनी एक उपक्रम सुरू केला. स्वयंसेवक आठ होते. सारेच बरोबरीचे, म्हणून संयोजक कोणीच नव्हता. एका घरी दोघे जात, दुसऱ्या घरी कोणीच जात नसे. एका भगिनीचे मूल तीन वर्षांचे होऊनही बोलत नव्हते. तिने दोन रविवार वाट पाहिली. तिच्या घरचा पत्ता आमच्याच खिशातील यादीत होता. दुसरा कोणी जाईल, असे आम्ही धरून चाललो. त्यानंतर ती सभेस आली नाही. तो दोष आमचा, आणि तो आम्ही येथे लिहून ठेवतो.

आणखी एक गोष्ट. ज्ञातीत सारे साऱ्यांना ओळखतात. उद्या घरातील मुलीच्या लग्नास बाध येईल, या भयाने मुलाचा दोष झाकला जातो आणि उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. म्हणून संयोजक असा हवा, की ज्याच्या कानी गेलेली गोष्ट ओठावर येणार नाही. सकाळच्या लोकलने मुंबईस जाऊन रात्री परतणाऱ्या आईबापांच्या सवडीची वेळ त्याने निवडावी. यादी खिशात न ठेवता वहीत ठेवावी. स्वयंसेवकांना महिन्यातून एकदा तरी एकत्र बसवावे. आणि जेथे आपली अक्कल पुरत नाही, तेथे वैद्याची भूमिका न घेता कुटुंबास डॉक्टरांकडे पोहोचवावे.

आपल्या मंडळात अध्यक्षपदासाठी उमेदवारांची वाण नाही. परंतु या कामास हार नाहीत, व्यासपीठावर खुर्ची नाही. तरीही येत्या वर्षी एखाद्या भगिनीने अथवा बंधूने ही वही हाती घ्यावी, अशी आमची विनंती आहे. वही कोरी आहे. पहिल्या पानावर लिहावयाचा पत्ता मात्र आम्हांस पाठ आहे.