श्वानप्रशिक्षणातील प्रेरणा
कुत्र्याला कशाची ओढ वाटते आणि कशाने तो मागे सरतो, हे ओळखून त्याच्या शिक्षणाची आखणी करण्याची पद्धत. सुखद परिणाम देणारे वर्तन पुन्हा घडते, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांचे तत्त्व व बी. एफ. स्किनर यांचे साधक अभिसंधान (परिणामांतून वर्तन घडणे) हा तिचा पाया होय.

लॅब्रॅडॉर बहुधा खाऊला वश होतो. या जातीतील काही कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या पीओएमसी जनुकातील बदलाचा खादाडपणाशी संबंध असल्याचे संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले. बॉर्डर कॉलीला हलत्या वस्तूमागे धावणे, तर बीगलला हुंगणे प्रिय असते. डेव्हिड प्रीमॅक यांच्या तत्त्वानुसार आवडती कृतीही बक्षीस ठरते : बीगल पट्टा न ताणता चार पावले चालला, की त्याला झुडूप हुंगू द्यावे. मात्र एकाच जातीतही आवडी भिन्न असतात. उघड्या तळहातांवर पनीर व बिस्किट धरून, हात आलटूनपालटून कुत्रा आधी कशाकडे वळतो हे पाहिल्यास पसंती कळते.

ओरडणे, अंगावर वाकणे, डोक्यावर थोपटणे किंवा गोंगाट यांनी काही कुत्रे बिचकतात. मान फिरवणे, ओठ चाटणे, अवेळी जांभई देणे व हातचा खाऊ नाकारणे ही ताणाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी बिचकवणाऱ्या गोष्टीपासून अंतर वाढवून सोपी आज्ञा द्यावी.