आधी मेंदू, मग हृदय: अँजिओग्राफीची कुळकथा

आपल्याकडे ‘अँजिओग्राफी झाली’ असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘ब्लॉकेज किती निघाले?’ अँजिओग्राफी म्हणजे हृदयाची, असं आपण धरूनच चालतो. इतिहासात क्रम उलटा आहे. हृदयाच्या धमनीत क्ष-किरण अडवणारा द्रव थेट जाऊन तिचं चित्र उमटलं ते 1958 साली, अमेरिकेत क्लीव्हलंडला, मेसन सोन्स यांच्या टेबलावर; आणि तेही नळी चुकून त्या धमनीत शिरली म्हणून. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या त्याच्या 31 वर्षं आधी दिसून गेल्या होत्या. गाव लिस्बन, साल 1927. ज्यांनी त्या दाखवल्या ते एगास मोनिझ सर्जनही नव्हते आणि एक्स-रेचे तज्ज्ञही नव्हते. ते मेंदूविकारांचे प्राध्यापक होते, काही काळ पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री होते, आणि गाऊटने त्यांची बोटं इतकी बिघडली होती की सुई टोचण्याचं काम दुसऱ्याला करावं लागे.

ही गोष्ट यंत्राची थोडी आणि एका द्रवाची फार आहे. रॉन्टगेन यांनी 1895 च्या अखेरीस क्ष-किरण शोधले. जानेवारी 1896 मध्येच व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल या दोघांनी एका मृत हाताच्या धमन्यांत खडू आणि पाऱ्याचं संयुग मिसळलेला द्रव भरून त्यांचा फोटो घेतला. धमन्यांची जाळी स्वच्छ उमटली, पण तसला द्रव जिवंत माणसाच्या अंगात घालणं शक्यच नव्हतं. अडचण पदार्थविज्ञानाची होती. वाटेतला अणू जितका जड, तितके क्ष-किरण जास्त अडतात. हाडात कॅल्शियम असतं, त्याचा अणुक्रमांक 20. मेंदू आणि रक्त मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन यांचे. त्यांतला ऑक्सिजनसुद्धा 8 वर थांबतो. त्यामुळे फिल्मवर कवटी दिसायची आणि तिच्या आत नुसता करडा धूसरपणा. रक्त काही क्षण तरी जड व्हायला हवं होतं, आणि ते क्षण रुग्णाने सोसायलाही हवे होते.

पहिल्या वाटा आडून गेल्या. 1918 मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर डॅन्डी यांनी मेंदूतल्या पोकळ्यांमधलं पाणी काढून तिथे हवा भरली. हवा फिल्मवर काळी दिसते. पोकळी दबलेली किंवा सरकलेली दिसली की जवळपास गाठ आहे असा अंदाज बांधता येई. 1921 मध्ये पॅरिसला सिकार आणि फोरेस्तिए यांनी लिपिओडोल, म्हणजे खसखशीच्या तेलात आयोडीन बांधून केलेलं औषध, मणक्यांच्या नळीत सोडलं. तेल खाली उतरताना जिथे अडेल, तिथे मज्जारज्जूवर दाब. मणक्याच्या शस्त्रक्रियेला यामुळे ‘कुठे’ या प्रश्नाचं उत्तर ऑपरेशनच्या आधीच फिल्मवर मिळू लागलं. 1934 मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिलं की पायात कळा नेणाऱ्या सायटिकामागे अनेकदा मणक्यांमधली फाटून बाहेर आलेली चकती असते. आपण ज्याला ‘स्लिप डिस्क’ म्हणतो, तिच्या ऑपरेशनचं युग तिथून सुरू झालं.

मोनिझ डॅन्डी आणि सिकार यांचं काम जवळून पाहत होते. त्यांचं शिक्षण काही काळ फ्रान्समध्ये झालेलं होतं. राजकारण सोडून ते पूर्णपणे दवाखान्याकडे वळले, तेव्हा पन्नाशी आली होती. मेंदूतल्या गाठीची जागा शोधायची तर पोकळ्यांपेक्षा धमन्या अधिक बोलक्या ठरतील, असा त्यांचा तर्क होता. गाठ वाढते तशी शेजारच्या धमन्यांना ढकलते. सरळ जाणारी धमनी वाकलेली दिसली तर ढकलणारा कुठे बसला आहे ते कळेल.

द्रव कोणता? मोनिझ यांनी सुरुवात ब्रोमाइडपासून केली. फेफऱ्याच्या रुग्णांना ब्रोमाइड तेव्हा सर्रास दिलं जाई, त्यामुळे शरीराला ते परकं नव्हतं. प्राण्यांवर आणि मृतदेहांच्या डोक्यांवर प्रयोग करून त्यांनी स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड निवडलं. मानेतल्या कॅरोटिड धमनीत ते सोडायचं काम त्यांचे विशीतले तरुण सहकारी पेद्रू आल्मेइदा लिमा करत. सुरुवातीच्या रुग्णांत चित्र नीट उमटेना आणि त्यांपैकी एकाचा धमनीत गुठळी होऊन मृत्यू झाला. आजच्या नियमांनी पाहिलं तर प्रयोग तिथेच कायमचा थांबला असता. मोनिझ यांनी प्रयोग थांबवला नाही, मात्र द्रव बदलला. ब्रोमीनचा अणुक्रमांक 35, आयोडीनचा 53. त्यांनी सोडियम आयोडाइडचं 25 टक्क्यांचं द्रावण घेतलं. 28 जून 1927 रोजी पिट्युटरीची गाठ असलेल्या 20 वर्षांच्या तरुणाची कॅरोटिड धमनी उघडी करून, क्षणभर बांधून, तिच्यात हे द्रावण सोडलं गेलं. फिल्म धुतली तेव्हा मेंदूच्या धमन्या आपल्या जागेवरून सरकलेल्या दिसल्या, तर्काप्रमाणेच.

पुढच्याच आठवड्यात, 7 जुलैला, मोनिझ पॅरिसच्या न्यूरॉलॉजी सोसायटीपुढे उभे होते आणि श्रोत्यांत पायाच्या तळव्यावरच्या प्रतिक्षेपाने वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असलेले बाबिन्स्की होते. एवढी घाई कशासाठी, हे समजण्यासारखं आहे. धमन्यांत द्रव भरायचे प्रयत्न युरोप-अमेरिकेत इतरही करत होते, फक्त ते हातापायांच्या धमन्यांवर होते.

सुरुवातीला एका इंजेक्शनला एकच फिल्म मिळे. क्षण चुकला की सगळं वाया. रक्त तर मेंदूतून काही सेकंदांत निघून जातं. लिस्बनच्याच परेरा काल्दास यांनी फिल्मच्या पेट्या फिरवणारं एक चक्र बनवलं आणि सेकंदाला एक अशा ओळीने फिल्म मिळू लागल्या. आधी धमन्या, मग बारीक केशवाहिन्यांची धूसर छटा, शेवटी नीला. मेंदूतून रक्त किती वेळात फिरतं, हे जिवंत माणसात डोळ्यांनी पाहता आलं ते असं.

गाठी शोधायला काढलेल्या या पद्धतीला 1933 मध्ये दुसरंच काहीतरी सापडलं. मोनिझ यांनी एका रुग्णाच्या कॅरोटिड धमनीवर आलेला अ‍ॅन्युरिझम फिल्मवर दाखवला. सायकलच्या ट्यूबला कमजोर जागी फुगा येतो, तसा धमनीच्या भिंतीला येणारा हा फुगा बहुतेक वेळा मेंदूच्या तळाशी, धमन्यांना फाटे फुटतात तिथे असतो. फुटेपर्यंत तो सहसा गप्प असतो आणि फुटला की क्षणात उठणारी, आयुष्यात कधी अनुभवली नाही अशी डोकेदुखी, उलटी, बेशुद्धी. तोवर हा आजार मुख्यतः शवविच्छेदनाच्या टेबलावर ओळखला जाई. 1931 मध्ये एडिंबरोच्या नॉर्मन डॉट यांनी फुटलेल्या फुग्याभोवती रुग्णाच्याच मांडीचा स्नायू गुंडाळून तो दाबला. 23 मार्च 1937 रोजी डॅन्डी यांनी फुग्याच्या मानेवर चांदीची छोटी चिमटी, म्हणजे क्लिप, बसवली. गंमत अशी की डॅन्डी यांच्याकडे त्या रुग्णाची अँजिओग्राफी नव्हती. एका डोळ्याची पापणी पडली होती. मेंदूतून निघणारा तिसरा मज्जातंतू कुठे दाबला जात असावा यावरून त्यांनी जागा ताडली. असा स्पष्ट इशारा देणारे फुगे थोडेच. उरलेल्यांसाठी चित्र लागणार होतं.

चित्राची खरी किंमत मात्र पुढे वसूल झाली. सोडियम आयोडाइडने रुग्णाच्या चेहऱ्याची आग होई, कधी झटके येत. 1931 मध्ये जर्मनीतून थोरोट्रास्ट नावाचा द्रव आला आणि मोनिझ यांनीही तो घेतला. त्यात थोरियम होतं, अणुक्रमांक 90. चित्रं रेखीव, रुग्णाला दुखत नाही, झटके नाहीत. डॉक्टरांना आणखी काय हवं? पण थोरियम किरणोत्सारी, आणि शरीर ते बाहेर टाकत नाही. यकृतात आणि प्लीहेत ते बसून राहतं आणि आजूबाजूच्या पेशींवर आयुष्यभर अल्फा कणांचा मारा करतं. इंजेक्शननंतर 20-30 वर्षांनी यकृताच्या कर्करोगाचे रुग्ण दिसू लागले, तोवर जगभरात हजारो लोकांना हा द्रव दिला गेलेला होता. ज्या द्रवाने रुग्णाला टेबलावर काहीच जाणवलं नाही, तोच सगळ्यांत घातक निघाला. ‘रुग्णाने चांगलं सोसलं’ एवढ्यावर विसंबून चालत नाही, वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागतो, हा धडा अँजिओग्राफीने फार महाग दराने घेतला.

सुई घालायची रीत सुधारली ती स्टॉकहोमच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांच्यामुळे. 1953 मध्ये त्यांनी लिहिलेली युक्ती थोडक्यात अशी: सुई धमनीत, सुईतून तार, सुई बाहेर, तारेवरून नळी आत, तार बाहेर. मान किंवा मांडी कापून धमनी उघडी करायची गरज संपली. आज कॅथ लॅबमध्ये मांडीतून किंवा मनगटातून नळी सरकते ती याच पाच पायऱ्यांनी. चित्रातून कवटीचं हाड पुसायची कल्पना डच डॉक्टर झिड्सेस दे प्लांतेस यांनी 1930 च्या दशकातच मांडली होती: द्रवाआधीची फिल्म उलटी करून द्रवानंतरच्या फिल्मवर ठेवा, जे समान ते नाहीसं होईल आणि फक्त धमन्या उरतील. 1970 च्या दशकाच्या अखेरीस हीच वजाबाकी संगणक करू लागला. तिला आता डीएसए म्हणतात.

द्रवाचा प्रश्न सुटला तो स्वीडनमध्ये. माल्मोचे टोर्स्टेन आल्मेन यांना वाटलं की थोरोट्रास्टनंतर पुन्हा वापरात आलेल्या आयोडीनच्या द्रवांनी होणारी आग आयोडीनमुळे नसून त्यांच्या तीव्रतेमुळे आहे. हे द्रव क्षाराच्या रूपात असत. पाण्यात गेले की त्यांचे भारित कण सुटे होत आणि रक्ताच्या कितीतरी पट दाट द्रावण तयार होई. कण सुटे न होणारा रेणू बनवला तर? 1969 मध्ये त्यांनी ही कल्पना प्रसिद्ध केली आणि ऑस्लोच्या एका औषधकंपनीने तिच्यावरून मेट्रिझामाइड बनवलं. त्याचा मोठा उपयोग सर्वांत आधी मणक्यात झाला. तिथलं तेलकट औषध वर्षानुवर्षं आत राहून मज्जारज्जूच्या आवरणाला सूज आणत असे. हा नवा द्रव पाण्यात विरघळणारा, आपोआप शोषला जाणारा होता. आज सीटीआधी हाताच्या शिरेत असा द्रव, म्हणजे कॉन्ट्रास्ट, देताना अंगात नुसती ऊब जाणवते, त्यामागे याच घराण्यातले पुढचे रेणू आहेत.

मोनिझ यांना 1949 मध्ये नोबेल मिळालं, पण ते या कामासाठी नव्हे. 1935 मध्ये त्यांनी मानसिक आजारांसाठी सुरू केलेल्या, मेंदूच्या पुढच्या भागाचे जोड तोडणाऱ्या ल्यूकोटॉमी शस्त्रक्रियेसाठी. ती शस्त्रक्रिया पुढे बदनाम होऊन जवळजवळ लयाला गेली. पारितोषिकाविना राहिलेली अँजिओग्राफी टिकली.

टिकली आणि तिने नवे प्रश्न उभे केले. नळी फुग्यापर्यंत जाते तर उपचारही नळीतूनच का करू नये? लॉस एंजेलिसमध्ये काम करणाऱ्या इटालियन डॉ. ग्वीदो गुग्लिएल्मी यांनी 1990 मध्ये प्लॅटिनमची मऊ तार फुग्यात गुंडाळून ठेवली आणि विजेच्या अल्पशा प्रवाहाने ती मागच्या तारेपासून सुटी केली. ही कॉइल. आता सर्जनची क्लिप बरी की नळीतली कॉइल? मतांनी हे ठरणार नव्हतं. ‘आयसॅट’ या चाचणीत दोन्ही उपाय चालण्यासारखे होते अशा, फुगा फुटलेल्या 2143 रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसं वाटून दिलं गेलं. 2002 मध्ये निकाल आला: वर्षाअखेरीस मरण पावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण क्लिपच्या गटात सुमारे 31 टक्के, कॉइलच्या गटात सुमारे 24 टक्के. फरक इतका दिसला की नवे रुग्ण घेणं मुदतीआधीच थांबवलं गेलं.

मणक्याला असं सरळ उत्तर मिळालं नाही. स्लिप डिस्कसाठी अमेरिकेत झालेल्या ‘स्पोर्ट’ चाचणीत 501 रुग्णांची अशीच वाटणी झाली. पण दोन वर्षांत ऑपरेशनच्या गटातल्या सुमारे 60 टक्क्यांनीच ऑपरेशन करून घेतलं आणि विना-ऑपरेशन गटातल्या सुमारे 45 टक्क्यांनी ते करून घेतलं. ज्याचं दुखणं थांबलं तो टेबलावर जाईना, ज्याचं वाढलं तो थांबेना. 2006 मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत मोठी सुधारणा दिसली, पण गट इतके मिसळले होते की त्यांच्यातल्या फरकावरून ठाम काही म्हणता येईना. फुगा फुटलेल्या रुग्णाला गट बदलायची सवड नसते. कंबर धरून बसलेल्याला असते. चाचणीचा कागद तोच, आजारानुसार तिचं बळ वेगळं.

सगळ्यांत अवघड प्रश्न आता न फुटलेल्या फुग्याचा आहे. डोकेदुखी, चक्कर अशा कारणांनी एमआरआय होतो आणि अचानक चार-पाच मिलिमीटरचा फुगा सापडतो. अंदाजे दर शंभर प्रौढांत तिघांना तो असतो, आणि त्यांतले बहुतेक कधीच फुटत नाहीत. चित्र आकार सांगतं, जागा सांगतं; फुटेल का ते सांगत नाही. त्यासाठी 2014 मध्ये सहा पाहणी-अभ्यासांतल्या 8382 लोकांच्या नोंदी एकत्र करून ‘फेझेस’ नावाची गुणपद्धत तयार झाली. तिच्यात रक्तदाब, वय, फुग्याचा आकार आणि जागा, आधी दुसऱ्या फुग्यातून झालेला रक्तस्राव यांना गुण आहेत, आणि रुग्ण कोणत्या लोकसमूहातला आहे यालाही आहेत. फिनलंडच्या माणसाला 5, जपानच्या माणसाला 3, उत्तर अमेरिका आणि उरलेल्या युरोपातल्यांना शून्य. भारताचा रकाना तिच्यात नाही, कारण त्या सहा अभ्यासांत आपण नव्हतो. पुण्या-नागपूरच्या रुग्णापुढे ही पद्धत वापरायची तर परक्या मुलखातला एखादा आकडा उसना घ्यावा लागतो. यंत्रं आपल्याकडे आली, कॉइल आल्या, त्या बसवणारे निष्णात हातही आले. ज्यांचा फुगा सापडला पण हात न लावता सोडून दिला, अशा आपल्या माणसांची दहा-दहा वर्षं नोंद ठेवणं, हे काम मात्र कोणत्याही यंत्राबरोबर विकत मिळत नाही. ते इथल्याच रुग्णालयांना करावं लागेल.