रहीमी जहाजाची मालकीण

मुस्लिम स्त्री आणि व्यापार हा विषय निघाला की हजरत खदीजांचे (र.) नाव आदराने घेतले जाते. मक्केच्या या व्यापारी स्त्रीचा माल शामच्या बाजारात जाई. त्यानंतर हजार वर्षांनी आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर घडलेला इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही.

बादशहा जहांगीरची आई मरियम-उज्-जमानी (मृत्यू १६२३) ही सागरी व्यापार करणारी स्त्री होती. तिचे ‘रहीमी’ हे प्रचंड जहाज सुरतेहून तांबड्या समुद्राकडे जाई. त्यातून माल आणि हजयात्रेकरू दोन्ही जात. आग्र्याजवळच्या बयान्यात तिचा गुमास्ता नीळ खरेदी करी. तिथे इंग्रज कंपनीच्या विल्यम फिंचने चढा भाव देऊन माल उचलला, तेव्हा तिने जहांगीरकडे तक्रार केली आणि दरबारात इंग्रजांची पत घसरली.

१६१३ साली पोर्तुगीजांनी, त्यांचाच परवाना जवळ असताना, ‘रहीमी’ पकडले आणि सुमारे सातशे प्रवाशांसह गोव्याला नेले. जहांगीरने सुरतेतला पोर्तुगीजांचा व्यापार रोखला, दमणला वेढा घातला आणि आग्र्यातले जेझुइटांचे चर्च बंद केले.

पडद्याआड राहूनही ती व्यापार करू शकली, कारण भांडवल तिचे स्वतःचे होते आणि बाजारात उभा राहणारा गुमास्ता होता. अन्याय झाला तेव्हा ऐकणारा मुलगा तख्तावर होता. जिच्यामागे तख्त नाही, तिचे काय?

आज आपल्या मोहल्ल्यांतून घरबसल्या जरीकाम, भरतकाम, शिलाई करणाऱ्या कितीतरी बायका आहेत. हुन्नर त्यांचा, भाव मात्र दलालाचा. स्वतःचा माल स्वतः विकावा म्हटले तर भांडवल लागते. बँक तारण मागते आणि घर तिच्या नावावर नसते.

वास्तविक शरीयतने तिला हे भांडवल कधीच देऊन ठेवले आहे. मेहर तिची आहे, बापाच्या मालमत्तेत तिचा वाटा आहे. पण मेहर निकाहनाम्यातच राहते आणि वाट्याच्या वेळी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. माहेर तुटू नये म्हणून ती मुकाट्याने सही करते. तिचा धंदा सुरू होण्याआधीच बुडतो, तो इथे. ‘रहीमी’ परक्यांनी लुटले होते. हे जहाज आपण घरातच अडवून ठेवतो.

खदीजांचे गुणगान करणाऱ्या भावाने आधी बहिणीचा वाटा तिच्या हाती द्यावा.