पुठ्ठ्यावरचे चित्रकार

कार्त द व्हिझित म्हणजे सुमारे अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच पुठ्ठ्यावर डकवलेले छायाचित्र. पॅरिसच्या छायाचित्रकार आंद्रे दिस्देरीने २७ नोव्हेंबर १८५४ रोजी त्याचे पेटंट घेतले. कल्पना कलेची कमी, हिशेबाची जास्त. चार भिंगांच्या कॅमेऱ्यात एकाच काचेवर आठ छबी टिपायच्या, अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या पातळ कागदावर त्या एकदम छापायच्या, मग कापून चिकटवायच्या. मोहिमेवर निघालेला तिसरा नेपोलियन फौज थांबवून दिस्देरीच्या स्टुडिओत शिरला, अशी गोष्ट सांगतात. तिच्यावर फार विसंबू नये.

इंग्लंडात लाट उसळली ती १८६० साली, छायाचित्रकार मेयॉलने व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाच्या छबी विक्रीला काढल्यावर. पाठोपाठ पाद्री, नट्या, लेखक आणि चित्रकारही दुकानांच्या काचेआड झळकले. शिलिंग-दीड शिलिंगाला नामवंताचा चेहरा घरच्या अल्बमात येई. १८६२ च्या कायद्याने छायाचित्रांना स्वामित्वहक्क मिळाला आणि हा धंदा अधिक पक्का झाला. वॉटकिन्स बंधू, एलियट अँड फ्राय यांसारख्या लंडनच्या स्टुडिओंनी रॉयल अकॅडमी या कलासंस्थेचे सभासद चित्रकार आपल्या कॅमेऱ्यापुढे बसवले.

रसायनाचा ओला लेप असलेल्या काचेला काही सेकंद प्रकाश लागे, म्हणून मानेमागे लोखंडी आधार असे. त्यामुळे आलेला ताठरपणा चित्रकारांच्या चेहऱ्यांवरही दिसतो. गंमत त्यांच्या पोशाखाची. रंगफळी-कुंचला घेतलेले थोडे. लांब कोट, हातात टोपी किंवा पुस्तक असलेले पुष्कळ. हाताने काम करणारा कारागीर नव्हे, तर प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून ओळखले जाण्याची त्यांची धडपड या पुठ्ठ्यांवर स्पष्ट वाचता येते.

या साचेबंदपणाला उत्तर दिले एका चित्रकारानेच. डेव्हिड विल्की विनफील्डने १८६० नंतरच्या दशकात आपल्या चित्रकार मित्रांना जुन्या काळचे पोशाख चढवले. स्टुडिओतले सजावटीचे खांब-पडदे वगळून, कॅमेरा चेहऱ्याजवळ नेऊन त्याने किंचित धूसर छबी घेतल्या. त्यांत चित्रकार मिले कवी डांटेच्या वेषात आहे. या छबी कार्डापेक्षा मोठ्या होत्या आणि जुन्या तैलचित्रांचा भारदस्तपणा त्यांत उतरला. छायाचित्रकार ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन हिने छायाचित्रणाचा धडा त्याच्याकडूनच घेतला.

१८६६ पासून मोठे कॅबिनेट कार्ड रुळले आणि छोट्या पुठ्ठ्याचा भाव उतरला. पुढे चित्रकारांच्या छबी स्टुडिओबाहेरही पडल्या: १८८४ च्या ‘आर्टिस्ट्स ॲट होम’ या मालिकेत जे. पी. या दुसऱ्या मेयॉलने चित्रकारांची छायाचित्रे त्यांच्याच घरी आणि चित्रशाळेत घेतली.