वन्स मोअर

"टेलर स्विफ्टच्या कॉन्सर्टला जायचंय. आपल्या स्टेशनाजवळच्या थेटरात आहे."

२०२३ सालच्या नोव्हेंबरात आमच्या कन्येने ही घोषणा केली, तेव्हा आमचे तीर्थरूप, म्हणजे अण्णा, आरामखुर्चीत चक्क ताठ बसले.

"ही बाई अमेरिकेहून डोंबिवलीला येणार?"

"ती नाही येत, आजोबा. तिच्या कार्यक्रमाचा सिनेमा आलाय."

"म्हणजे गोष्ट आहे?"

"गोष्ट नाही. नुसती गाणी."

"मग बाई आहे कुठे?"

"लॉस एंजेलिसला होती. ऑगस्टमध्ये."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. 'सर्व्हर डाऊन आहे' असं मी सांगितल्यावर पेन्शनर मंडळी ज्या नजरेने पाहतात, ती नजर. "ऑगस्टात झालेलं गाणं नोव्हेंबरात ऐकायचं! शिळ्या भाताला फोडणी देतात ते मला ठाऊक आहे. पण त्याला तिकीट लावतात हे आजच कळलं."

आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध सनावळीपुरता. पण तारखा आणि आकडे हाच आमचा धंदा असल्यामुळे हा शिळ्या गाण्याचा व्यवहार कुणी आणि कधी सुरू केला, याची चौकशी करावी असं मनात आलं. तीन रविवार वाचनालयात घालवले. घरी त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही, ही गोष्ट निराळी.

या व्यवहाराचं पहिलं खातं पॅरिसात उघडलेलं दिसतं. १८८१ साली तिथे विजेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. क्लेमां आदेर नावाच्या इंजिनिअरने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर टेलिफोनची यंत्रं बसवली आणि तारा थेट प्रदर्शनात आणून सोडल्या. लोक रांगा लावून येत आणि दोन कानांना दोन नळ्या लावून गाणं ऐकत. पुढे १८९० पासून याची रीतसर वर्गणी सुरू झाली आणि १९३२ पर्यंत ती चालली. मार्सेल प्रूस्त हा मोठा लेखक बिछान्यात पडल्या पडल्या ऑपेरा ऐकायचा तो याच तारेवरून. गाणं ताजं, पण गाणारा दिसत नाही.

मग सिनेमा आला आणि गाणारा दिसू लागला, पण त्याचा आवाज गेला! १९०० साली सारा बर्नहार्ट या थोर फ्रेंच नटीने हॅम्लेटच्या वेषात तलवारबाजीचा प्रवेश कॅमेऱ्यापुढे केला. आपल्याकडे कलकत्त्यात हीरालाल सेन हे गृहस्थ त्याच सुमारास क्लासिक थिएटरच्या नाटकांतले प्रवेश कॅमेऱ्यात पकडत होते. म्हणजे नाटकवाल्यांनी सिनेमाला दारात उभं केलं नाही, ही समजूत चूक आहे. सिनेमा रांगायला लागला तोच मुळी नाटकाचा पदर धरून.

या हिशेबात आपल्या मराठी माणसाची नोंद पाहून माझा ऊर भरून आला. १८ मे १९१२ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'श्री पुंडलिक' हा चित्रपट लागला. तो काढला दादासाहेब तोरणे यांनी. वय वर्षं बावीस. आणि हा माणूस चक्क कंपनीत नोकरी करत होता! आपल्यासारखाच हजेरीपटावर सही करणारा! रामराव कीर्तिकरांचं पुंडलिकाचं नाटक तेव्हा गाजत होतं. तोरण्यांनी त्याच्यासमोर कॅमेरा उभा केला आणि नाटकच्या नाटक टिपून घेतलं. कॅमेरा चालवायला साहेब होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली.

पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, त्याच कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि पहिल्या भारतीय चित्रपटाचा मान त्यांच्याकडे गेला. फाळक्यांनी सगळं स्वतः केलं होतं, तेव्हा त्यांच्या मानाबद्दल माझी तक्रार नाही. पण तोरण्यांच्या विरुद्ध जी कलमं लागतात त्यांतलं पहिलं पाहा: त्यांनी सिनेमा केला नाही, नाटकाचं नुसतं चित्रण केलं! एकशे अकरा वर्षांनी आमचे अण्णा वेगळं काय म्हणत होते?

यात एक गंमत आहे. 'पुंडलिक' मूकपट होता. मराठी नाटकातून आवाज काढून घेतला तर काय उरतं, याची कल्पना करा. विठ्ठल तरी अठ्ठावीस युगं मुकाट्याने उभा राहू शकतो. मराठी नटाला ते कसं जमलं असेल?

पुढे बोलपट आले आणि आवाजाची अडचण मिटली. पण खरी अडचण वेगळीच होती, हे बालगंधर्वांच्या वेळी कळलं. ज्यांच्या भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू यांच्यावर दोन पिढ्या जीव टाकत होत्या, ते बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली एकनाथ होऊन उभे राहिले. शालू गेला, गंगावन गेलं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे प्रेक्षक गेला. नाटकात त्यांच्या पदाला 'वन्स मोअर' मिळत आणि ते नव्या जागा घेत पुन्हा गात. आमचे आजोबा सांगत की संध्याकाळी नाटकाला गेलेला माणूस घरी येताना दूधवाल्याबरोबर जिना चढायचा. स्टुडिओतही 'वन्स मोअर' असतो. पण तिथे तो दिग्दर्शक म्हणतो आणि त्याचा अर्थ 'चुकलं' असा असतो!

या 'वन्स मोअर'ची एक मजा मला वाचनालयात सापडली. हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला असं आपण समजतो. पण इंग्रज प्रेक्षक खूष झाला की 'आँकोर' असं फ्रेंचमध्ये ओरडतो. आणि फ्रेंच माणूस 'बिस' असं लॅटिनमध्ये ओरडतो. पुन्हा मागायचं तर आपल्या भाषेत मागायला सगळ्यांनाच संकोच वाटत असावा.

नाटक हे चालू खातं आहे. रात्री पडदा पडला की शिल्लक शून्य. त्यामुळे ते मुदत ठेवीत ठेवावं असं कुणालाही वाटणार. पण खुद्द नाटकवाल्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. १९६४ साली न्यूयॉर्कला रिचर्ड बर्टनचा हॅम्लेट गाजत होता. दिग्दर्शन जॉन गिलगुडचं. प्रयोग चालू असतानाच इलेक्ट्रॉनोव्हिजन नावाच्या नव्या तंत्राने त्याचं चित्रण झालं आणि २३ व २४ सप्टेंबरला अमेरिकेत हजारभर चित्रपटगृहांत ते दाखवलं गेलं. दोन दिवस, चार खेळ, खलास. करारच होता की नंतर सगळ्या प्रती नष्ट करायच्या. नाटकासारखं नाटकही संपलं पाहिजे, असा त्यात हट्ट. १९८४ साली बर्टन वारला आणि मग त्याच्या घरात एक प्रत निघाली. करार मोडून मागे राहिलेल्या त्या एका प्रतीमुळे तो हॅम्लेट आज आपल्याला पाहता येतो. बँकेत असतो तर मी त्या प्रतीला 'अनियमितता' असा शेरा मारला असता. आता तिच्या पाया पडावंसं वाटतं.

कारण वेळेवर चित्रण केलं नाही तर काय होतं? काशिनाथ घाणेकरांचा लाल्या अण्णांनी पाहिला. मी पाहिला नाही. बालगंधर्वांची रुक्मिणी आजोबांनी पाहिली. अण्णांनी पाहिली नाही. ज्या नटाचं चित्रण राहून जातं, त्याची भूमिका पुढे सुबोध भावे यांना करावी लागते. बालगंधर्व त्यांनी २०११ साली केले आणि घाणेकर २०१८ साली. उत्तम केले. पण एकट्या माणसाने किती जणांची थकबाकी भरायची?

गाण्याच्या मैफली पडद्यावर आल्या त्या नाटकांपेक्षा सुखाने आल्या. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी मदतीचा कार्यक्रम झाला. पुढच्या वर्षी त्याचा सिनेमा आला. त्यात रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा बसले आहेत. मिनिट-दीड मिनिट वाद्यं जुळवतात आणि थांबतात. लगेच वीसेक हजार अमेरिकनांच्या टाळ्यांचा कडकडाट! त्यावर रविशंकर अगदी शांतपणे त्यांना सांगतात की, जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे. हा प्रसंग कॅमेऱ्याने धरला नसता तर आपण तो थाप म्हणून सोडून दिला असता.

यानंतर तारा गेल्या, उपग्रह आले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने ३० डिसेंबर २००६ पासून आणि लंडनच्या नॅशनल थिएटरने २५ जून २००९ पासून आपले प्रयोग चित्रपटगृहांतून दाखवायला सुरुवात केली. लंडनचं पहिलं नाटक 'फेद्र', नटी हेलन मिरेन. आपल्याकडे नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये ही चित्रणं दाखवतात. ब्रँचमधल्या एका मित्राबरोबर मीही एकदा गेलो होतो. शिवाजी मंदिरच्या बाल्कनीतून मला आजवर नटांचे भांग तेवढे पाहायला मिळाले होते. इथे नटाच्या वरच्या ओठावरचा घाम दिसत होता. लंडनमध्ये पहिल्या रांगेत बसलेल्यालाही तो दिसला नसेल. तरीसुद्धा काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. एक तर मध्यंतरात बटाटेवड्याचा वास नव्हता. दुसरं म्हणजे, नाटकात मी नेहमी कोपऱ्यात उभ्या असलेल्या शिपायाकडे पाहतो. राजा रडत असताना हा बापडा काय करतो, ते मला पाहायचं असतं. कॅमेरा तसं पाहू देत नाही. कुठे पाहायचं हे तोच ठरवतो, आणि शिपायाकडे तो कधीच वळत नाही.

शिपायाबद्दलचा हा माझा जिव्हाळा वंशपरंपरागत आहे. १९७२ साली कचेरीच्या स्नेहसंमेलनात अण्णांनी जासुदाचं काम केलं होतं. नाटक हेडक्लार्कने लिहिलेलं, ऐतिहासिक. अण्णांना वाक्यं अकरा. धावत यायचं आणि किल्ला पडल्याची खबर द्यायची. अण्णांचा दावा असा की, ती खबर त्यांनी अशी काही दिली की प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' दिला. गद्य भूमिकेला! अण्णा विंगेत गेले, पुन्हा धावत आले, आणि महाराजांना तोच किल्ला एका रात्रीत दोनदा गमवावा लागला. पुरावा म्हणून एक फोटो आहे. त्यात महाराज आहेत, सिंहासन आहे आणि खांबाआडून अण्णांची अर्धी मिशी आहे. साक्षीदार म्हणावी तर फक्त आई. ती २०१५ साली गेली. तेव्हापासून ही नोंद माझ्या मनात व्हाऊचरशिवाय पडून आहे.

२०२० सालच्या मार्चमध्ये नाट्यगृहांना कुलपं लागली. मधले काही महिने सोडले तर २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत ती निघाली नाहीत. त्या काळात अण्णा नातीच्या मोबाईलवर जुन्या नाटकांची चित्रणं पाहायचे. एकदा एका पदाला त्यांनी सवयीने 'वन्स मोअर' दिला. नातीने तत्परतेने बोट फिरवून पद पुन्हा लावलं. अण्णांनी ते ऐकलं आणि मान हलवली. "हा वन्स मोअर नव्हे, पोरी. ही नक्कल झाली. वन्स मोअरमध्ये माणूस दुसऱ्यांदा वेगळं गातो. आपण मागितलं म्हणून गातो."

तीन रविवारांत मला जे सापडलं नव्हतं, ते अण्णांनी खुर्चीत बसून सांगितलं. पडद्यावरचं गाणं हजार वेळा दाखवता येईल. पण त्याला एक 'वन्स मोअर' देता येणार नाही.

असो. त्या नोव्हेंबरात शेवटी आम्ही तिघे गेलो. आमची ही म्हणाली, "तुम्ही तिघे तीन तास घराबाहेर, हीच माझी कॉन्सर्ट." थेटरात पोरी मण्यांच्या माळा एकमेकींच्या हातांत बांधत होत्या. एक अण्णांच्याही मनगटावर चढली. गाणी सुरू झाली आणि निम्मं थेटर पडद्यासमोर जाऊन नाचायला लागलं. मी कानांत बोटं घालण्याच्या बेतात होतो. एवढ्यात एक संथ गाणं संपलं आणि अंधारात माझ्या शेजारून आवाज आला, "वन्स मोऽऽअर!"

क्षणभर शांतता. मग पोरी हसल्या. मग दहा-बारा जणी, आणि मग सगळं थेटर "वन्स मोअर!" असं ओरडायला लागलं. पडद्यावरच्या बाईने अर्थातच ते मनावर न घेता पुढचं गाणं सुरू केलं.

"गाते बरी," परत येताना अण्णा रिक्षात म्हणाले, "पण प्रेक्षकांचं ऐकत नाही."

रात्री जेवणं झाल्यावर नातीने विषय काढला. "आजोबा, तो जासूद करून दाखवा ना." अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस नाही म्हणेल असं मला वाटलं. पण अण्णा स्वयंपाकघरात गेले, हातातली काठी दाराशी टेकवली आणि धावत, म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना परवडेल इतपत धावत, बाहेर आले. अकराच्या अकरा वाक्यं पाठ होती. शेवटच्या वाक्याला आवाज असा काही फुटला की आमची ही हातातलं पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. मला काही सुचेना. म्हणून मी ओरडलो, "वन्स मोअर!"

अण्णा वळले आणि पुन्हा स्वयंपाकघरात गेले. किल्ला पुन्हा पडला. या वेळी आवाज जरा दमलेला होता, आणि सातव्या वाक्याला त्यांनी मध्येच थांबून भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं. ते नाटकात नव्हतं.

कन्येला मोबाईल काढायचं सुचलं ते दुसऱ्या वेळी. ते एक मिनिट चाळीस सेकंदांचं चित्रण आता आमच्याकडे आहे. माझी नोंद व्हाऊचरसकट पुरी झाली. येईल-जाईल त्याला आम्ही ते दाखवतो. लोक टाळ्या वाजवतात. अण्णा आरामखुर्चीतून हात वर करून त्यांना थांबवतात आणि दर वेळी न चुकता सांगतात:

"हे काहीच नाही. पहिला प्रयोग पाहायला हवा होतात."