साडेतीन शहाणे आणि मंगरूळची वाट

वाशिमहून कारंज्याकडे जाणारा रस्ता ज्या मंगरूळपिरावरून जातो, ते गाव दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे आणि बिरबलनाथ महाराजांच्या संस्थानामुळे यात्रेकरूंच्या चांगले परिचयाचे आहे. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या टापूत कोणाची फौज केव्हा उतरावी आणि रयतेने कोणाच्या कचेरीत वसूल भरावा, हे पुणे, नागपूर व हैदराबाद या तीन दरबारांतील मूठभर मसलतगारांच्या खलबतखान्यांत ठरत असे. आजच्या मंत्र्याच्या राजकीय सल्लागाराला शासकीय आदेशाने नेमणूक मिळते आणि मंत्र्याबरोबरच त्याचीही मुदत संपते. त्या काळच्या सल्लागाराला कारभारी, दिवाण, मुत्सद्दी अशी नावे होती. त्याची मुदत मात्र धन्याच्या मर्जीवर, आणि पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या आयुष्यावरच, अवलंबून असे.

वऱ्हाडची स्थिती त्या वेळी विलक्षण होती. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामाने येथे आपली स्वतंत्र सत्ता स्थापिली आणि पुढे नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी आपले अंमलदार परगण्यापरगण्यांत बसविले. तेव्हापासून एकाच शिवारावर मोगलाई आणि भोसलेशाही असे दोन अंमल चालू लागले. नाव निजामाचे, परंतु निम्म्याहून अधिक महसूल भोसल्यांच्या तिजोरीत जाई, आणि वर घासदाण्याचा, म्हणजे फौजेच्या दाणा-वैरणीसाठीच्या पट्टीचा, तगादा असे तो निराळाच. दोन धन्यांचे दोन जमाखर्च सांभाळता सांभाळता देशमुख-देशपांडे व पाटील-कुळकर्णी यांना जी कसरत करावी लागे, तिचेच राजकारणाच्या पटावरील रूप म्हणजे त्या काळच्या कारभाऱ्यांची कारकीर्द होय.

मराठी परंपरेने या पिढीतल्या चार पुरुषांना ‘साडेतीन शहाणे’ म्हणून गौरविले: पुण्याचे सखारामबापू बोकील, नागपूरचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पुरते शहाणे, आणि तलवारीशी फारसा संबंध नसलेले नाना फडणीस हे अर्धे. यांपैकी देवाजीपंत आणि विठ्ठल सुंदर या दोघांचा वऱ्हाडाशी साक्षात संबंध होता, कारण वऱ्हाडाच्या दोन धन्यांचे ते दोन मेंदू होते.

संगमनेरकडील विठ्ठल सुंदर यांनी १७६२ मध्ये सलाबतजंगाला बाजूस सारून निजामअलीस गादीवर बसविण्यात पुढाकार घेतला आणि ‘राजा प्रतापवंत’ ही पदवी मिळविली. पेशवाईत रघुनाथराव आणि पेशवे माधवराव या चुलत्या-पुतण्यांचा कलह पेटलेला पाहून त्यांनी नागपूरच्या जानोजी भोसल्यांना साताऱ्याच्या राज्याच्या मुखत्यारीचे आमिष दाखविले, आणि नागपूरची फौज निजामाच्या निशाणाखाली पुण्यावर चालून गेली. १७६३ च्या उन्हाळ्यात पुणे लुटले गेले. परंतु आमिषाला आमिषानेच उत्तर मिळाले. सखारामबापूंच्या बाजूने बत्तीस लक्षांचा मुलूख पुढे आला, देवाजीपंतांच्या मध्यस्थीने तो जानोजींच्या पदरात पडला, आणि १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनजवळ गोदावरीच्या काठी पेशव्यांनी निजामाच्या फौजेवर झडप घातली तेव्हा जानोजी तेथून दूर उभे होते. विठ्ठल सुंदर त्याच रणांगणावर पडले. तीन शहाण्यांपैकी एकाचा सल्ला फसला, एकाचा साधला आणि एकाने मधल्या मध्ये मोल वसूल केले, एवढाच या प्रकरणाचा अर्थ लावणे मला अपुरे वाटते. कारण विश्वासघाताने मिळविलेला मुलूख हा कर्जाऊ मुलूख असतो, हे पुढील सहा वर्षांत वऱ्हाडाला फार जवळून कळले.

त्या बत्तीस लक्षांपैकी चोवीस लक्षांचा प्रदेश माधवरावांनी १७६६ मध्ये परत घेतला. पुढे जानोजींनी रघुनाथरावांची पाठराखण केली, तेव्हा १७६९ च्या आरंभी पेशवे स्वतः वाशिम-कारंज्याच्या मार्गाने वऱ्हाडात उतरले. मंगरूळ या दोन गावांच्या मधोमध आहे; हजारो घोड्यांना दाणा-वैरण पुरविणाऱ्या त्या वाटेवरील कोणतेही गाव झळेवाचून राहिले असेल असे मला वाटत नाही. पेशव्यांनी चांद्याला वेढा घातला असता जानोजींनी समोर न येता एकाएकी पुण्याचा रोख धरला, पुण्यात पळापळ झाली आणि पेशव्यांना वेढा उठवून मागे फिरावे लागले. हा डाव देवाजीपंतांच्या बुद्धीचा, अशी परंपरा आहे. आणि केवळ युद्धकौशल्य म्हणून पाहिले तर त्याला तोड नाही.

त्याचे फलित मात्र कनकापूरच्या तहात वाचावे. त्या तहाने उरलेल्या आठ लक्षांचा मुलूख परत गेला, पाच लक्ष एक रुपयाची वार्षिक खंडणी मानेवर बसली, आणि पेशव्यांच्या अनुमतीवाचून फौज वाढवू नये असे बंधन आले. याच तहाचे एक कलम असे होते की भोसल्यांनी दरसाल पाच हजार रुपयांचे वाशिम व बाळापूर येथील कापड पुण्यास पाठवावे. घाटावर वाशिम आणि खाली पायनघाटात बाळापूर ही तेव्हा वस्त्रनिर्मितीची ख्यातनाम ठाणी होती. तीन दरबारांच्या अतिशहाण्या मसलतींच्या सहा वर्षांच्या हिशेबात जी माणसे कोठेच नव्हती, त्या कोष्ट्यांच्या मागावरचे कापड अखेरीस त्या हिशेबाच्या फेडीत लागले. राक्षसभुवनचे वर्णन करताना आपल्या इतिहासकारांची लेखणी रंगते, पण या कलमापाशी ती थांबत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जानोजींच्या मृत्यूनंतर (१७७२) साबाजी-मुधोजी या भावांचा कलह पांचगावच्या लढाईत संपला आणि देवाजीपंत मुधोजींचे कारभारी म्हणून वॉरन हेस्टिंग्जशी बोलणी करू लागले. इंग्रजी कागदांत ते दिवाकर पंडित म्हणून वावरतात. १७८१ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी सखारामबापू रायगडावर नानांच्या कैदेत वारले. पुरंदरच्या तहावर पेशवाईच्या वतीने शिक्का उठविणाऱ्या माणसाला शेवटी किल्ल्याची कोठडी लाभली. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धेपलीकडचा वऱ्हाडातील अंमल संपला आणि मंगरूळच्या रयतेला पुन्हा एकच धनी उरला.

या तिघांच्या बुद्धीविषयी मला आदर आहे, परंतु त्यांना पुरते शहाणे म्हणण्यास माझे मन धजत नाही; कारण ज्या सल्ल्याची किंमत सल्लागार वा त्याचा धनी न देता वाटेवरचा कुणबी आणि कोष्टी देतो, त्या सल्ल्यात काहीतरी उणे राहिलेले असते. ही किंमत नेमकी किती होती ते दरबारी पत्रव्यवहारात सापडणार नाही. ते परगण्यांच्या जमाबंदीत आणि गावच्या तक्रारींतच सापडेल. म्हणून मंगरूळ, वाशिम आणि कारंजा या तालुक्यांतील जुन्या वतनदार घराण्यांना माझी विनंती आहे: माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल असतील तर ते वाळवीच्या स्वाधीन करू नका, नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळासारख्या संस्थेला ते दाखवा, निदान त्यांच्या नकला तरी करून घ्या.